जंगलाची मोजदाद: नोंदीपासून निर्णयापर्यंत

जंगलातून लाकूड, फळे, पाने किंवा साल किती काढावी हे ठरवण्यापूर्वी त्या जंगलात दरवर्षी किती भर पडते हे माहीत असावे लागते. त्यासाठी कायमस्वरूपी नमुना-चौकटी, म्हणजे दरवर्षी पुन्हा मोजायचे जमिनीचे ठरावीक चौकोन, आखाव्यात. नकाशावर दाट, विरळ, उताराचे आणि ओढ्याकाठचे भाग वेगळे करून प्रत्येक भागातील चौकटींच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात. केवळ वाटेजवळच्या सोयीच्या जागा निवडल्या, तर सर्वाधिक वावर असलेलेच जंगल मोजले जाते. झाडांसाठी १० × १० मीटर, तिच्याच आत झुडपांसाठी ५ × ५ मीटर आणि गवत व लहान रोपांसाठी १ × १ मीटर ही मापे सर्रास वापरली जातात.

झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यावा. काही देशांत ही उंची १.३ मीटर धरतात. कोणतीही एक निवडून ती कायम ठेवावी. उतारावर ही उंची झाडाच्या चढाकडील बाजूने मोजावी, टेप खोडाला काटकोनात धरावा आणि खोड या उंचीच्या खालीच दुभंगले असेल तर दोन्ही फांद्यांची स्वतंत्र नोंद करावी. मापाच्या जागी रंगाची रेघ ओढणे अत्यावश्यक आहे, कारण वर्षभरातील वाढ अनेकदा एवढी थोडी असते की टेप चार बोटे खाली-वर झाला तरी ती वाढ खरी की मापातला फरक, हे सांगता येत नाही.

मोठ्या झाडांपेक्षाही अधिक बारकाईने रोपे मोजावीत, असे माझे ठाम मत आहे. ज्या प्रजातीची जुनी झाडे भरपूर पण रोपे आणि कोवळी झाडे जवळजवळ नाहीत, ती प्रजाती आज विपुल दिसत असली तरी तिची पुढची पिढी तयार होत नाही. बी फार गोळा होत आहे, गुरे रोपे खात आहेत की वणव्यात ती जळत आहेत, हे शोधण्यासाठी काही चौकटींना कुंपण घालून त्यांची तुलना उघड्या चौकटींशी करावी.

वन्यप्राण्यांसाठी ठरावीक रेषांवरून, ठरावीक ऋतूत, सकाळी संथपणे चालत जावे आणि दिसलेले प्राणी, त्यांचे रेषेपासूनचे लंब अंतर, पाऊलखुणा व विष्ठा नोंदवावी. किती किलोमीटर चाललो हे लिहिलेच पाहिजे, आणि काहीच दिसले नाही तर तेही. त्याशिवाय दोन वर्षांची तुलना होत नाही. पट्ट्यांवरून वाघ ओळखायचा असेल, तर वाटेच्या दोन्ही बाजूंना गुडघाभर उंचीवर कॅमेरे लावावेत, कारण त्याच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात. दुर्मीळ प्राण्यांची छायाचित्रे इतरांना देताना त्यांतील स्थानाची माहिती काढून टाकावी.

कोणत्या आकड्यावर कोणता निर्णय घ्यायचा हे हंगामापूर्वीच लिहून ठेवावे, कारण काढणी सुरू झाल्यावर ती थांबवणे कोणालाच सोपे जात नाही. रोपांची संख्या सलग घटत असेल, तर त्या प्रजातीची फळे कमी तोडावीत किंवा जंगलाचा एक भाग आळीपाळीने बंद ठेवावा. साल काढताना ती खोडाभोवती पूर्ण वर्तुळात कधीही काढू नये. तसे केल्यास पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड मरते. नियम बदलल्यानंतरही त्याच चौकटी, त्याच ऋतूत मोजत राहाव्यात. काढणी कमी करूनही रोपे वाढली नाहीत, तर कारण दुसरीकडे शोधावे.