म्युनिकचा एप्रिल: आधी बूट बघा

दर मार्चमध्ये पुण्या-नाशिकहून मला एकच प्रश्न येतो: "ताई, समर सेमिस्टरला येतोय, मग जाड जॅकेट लागेल का?" लागेल. नावात समर असलं तरी हे सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, आणि म्युनिक समुद्रसपाटीपासून सुमारे 520 मीटर उंचावर, आल्प्सच्या तोंडाशी आहे. एप्रिलमध्ये बर्फ पडला तर इथे कुणाला नवल वाटत नाही. जर्मन लोकांची म्हणच आहे, 'आप्रिल, आप्रिल, डेअर माख्ट वास एअर विल', म्हणजे एप्रिल मनाला येईल तसं वागतो.

आपल्याला वळवाची सवय असते, म्हणून वाटतं त्यात काय एवढं. आपल्याकडे सर अर्धा तास झोडपते आणि परत घाम फुटतो. इथे जमीन उन्हाने तापायला लागलेली असते, पण वर उत्तरेकडून आलेली गार हवा असते. त्यामुळे ऊन, सर, साबुदाण्यासारख्या मऊ गारा आणि पुन्हा ऊन, असं एकाच दुपारी चालतं. गार हवा खाली येऊन बसली की पारा उतरतो आणि चार-चार दिवस वर येत नाही. त्याआधी दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून फोएन वारा आलेला असेल तर फसगत ठरलेलीच. तो कोरडा आणि उबदार असतो. आकाश निळंशार होतं, डोंगर हाताला लागतील इतके जवळ दिसतात. फोएन थांबला की एका रात्रीत दहा-पंधरा अंश उतरू शकतात.

त्या निळ्या आकाशाला मी भुलले. आई-बाबा पहिल्यांदाच येणार होते. फोनवर मी सांगितलं, "वीस डिग्री आहे, स्वेटर पुरे, उगीच बॅगा जड करू नका." ते आले त्या दिवशी लख्ख ऊन होतं. शनिवारी संध्याकाळी पाऊस लागला आणि रविवारी सकाळी खिडकीबाहेर सगळं पांढरं. बाबांच्या पायात पर्वतीवर जायचे ते जाळीचे बूट. रविवारी इथे कपड्यांची, बुटांची दुकानं बंद. बाबा तरीही हौसेने बर्फ बघायला खाली उतरले, वीसच मिनिटं. वर आले तेव्हा मोजे पिळले तर पाणी निघालं, बोटं पांढरी पडलेली. आई त्यांचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसली. मग ताप, मग छातीत कफ. तीन आठवड्यांच्या मुक्कामातले दहा दिवस अंथरुणात गेले, शेजारच्या ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या सहलीचं बुकिंग बुडालं, डॉक्टरांचं बिल वेगळंच. पैशाचं मला काही वाटत नाही. पण पुढे गुडघ्यांमुळे बाबांचा लांबचा प्रवास बंद झाला आणि साल्झबुर्ग राहिलं ते राहिलंच.

म्हणून आधी बूट बघा. पाणी आत न शिरणारे, घोटा झाकणारे, तळाला खोल खाचा असलेले. आत लोकरीचा मोजा मावेल असे, किंचित मोठे. विमानात पायातच घाला, बॅगेतलं वजन वाचतं. इथले आपलेच जुने लोक मुलांना सांगतात, "इकडे येऊन सेलमध्ये घे." मला याचा राग येतो. पहिल्या आठवड्यात पोरं पत्त्याची नोंदणी, बँक, विमा यांच्या मागे ओल्या पायांनी धावत असतात, सेल कधी शोधणार? स्वतः कसे कुडकुडलो होतो ते ही मंडळी विसरली आहेत.

कपड्यांच्या बाबतीत मात्र जर्मनांचं ऐका. ते 'त्स्विबेललूक' म्हणतात, म्हणजे कांद्याचे पापुद्रे. आत थर्मल, मधे फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं टोपीवालं जॅकेट. ट्रेनमध्ये आणि वर्गात उकडतं, तेव्हा एकेक थर उतरवता आला पाहिजे. सुती बनियन आणि जीन्स एकदा भिजली की लवकर वाळत नाही, अंगावरच गार पडते. छत्री वाऱ्याने उलटते, तिच्यावर भिस्त नको. जर्मन हवामान खात्याचं वॉर्नवेटर ॲप फोनवर घ्या, आणि रात्री पाहिलं असलं तरी सकाळी निघताना पुन्हा पाहा.

मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं, त्या दिवशीचा प्रवास जपून ठरवा. एप्रिलमध्ये शिंका थांबेनात तर ती सर्दीच असेल असं नाही, बर्चचे पराग असू शकतात, डॉक्टरांना दाखवा.

मे लागला म्हणून सुटलो असंही समजू नका. 11 ते 15 मे या दिवसांना इथे 'आइसहायलिगे', म्हणजे बर्फाचे संत म्हणतात. तोवर रात्री दहिवर गोठण्याची भीती असते, म्हणून बागवाले टोमॅटोची रोपं उघड्यावर लावत नाहीत. माझ्या शेजारच्या आजी जिरेनियमच्या कुंड्या रोज दुपारी उन्हात ठेवतात आणि संध्याकाळी एकेक उचलून आत नेतात. 15 तारीख उलटली की मगच त्या कुंड्या रात्री बाल्कनीत राहतात, आणि मगच मी जाड जॅकेट कपाटात टाकते. आई-वडिलांना बोलवायचं असेल तर तिकीट त्यानंतरचं काढा, आणि ते कोणते बूट घालून येणार आहेत त्याचा फोटो आधी मागवून घ्या.