शुगर बॉर्डरवर आलीय? आपल्या कोकणी ताटातच काय काय बदलता येतं

माझं एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) ६.१ आलं तेव्हा मला वाटलं रिपोर्ट बदलला असणार. वजन ५८ किलो, घरात कोणी कधी जाडी म्हटलं नाही, आणि शुगर? मग डॉक्टरांनी कंबर मोजायला सांगितली, ती निघाली ८६ सेंटीमीटर. आपल्याकडच्या बायकांना ८० आणि पुरुषांना ९० ही मर्यादा. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, अशी माणसं आपल्या वाडीत घरटी एक तरी सापडेल आणि तीच निर्धास्त असतात. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःची आणि एका इंग्रज डॉक्टर मित्राची तुलना छापली होती, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच २२.३, पण मित्राच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि यांच्या अंगात २१.२. म्हणून काट्यावर विसंबू नका, टेप घ्या, श्वास सोडा, बेंबीच्या रेषेत मोजा.

आत काय होतं ते थोडक्यात सांगते. बागेतला पाट गाळाने भरला की शेवटच्या माडापर्यंत पाणी न्यायला पंप जास्त वेळ चालवावा लागतो ना, तसंच. इन्सुलिन म्हणजे रक्तातली साखर ताब्यात ठेवणारं हार्मोन, स्नायू आणि लिव्हर त्याला नीट दाद देत नाहीत, मग स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन सोडत राहतं. साखर वर्षानुवर्षं नॉर्मल दिसते कारण पंप दामटून चाललेला असतो, आणि तो थकला की मग आकडा चढतो. म्हणून नुसती उपाशीपोटीची शुगर बघून गप्प बसू नका. ती १०० ते १२५ आली किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ आलं तर ती बॉर्डर, त्यापुढे डायबेटिस. सोबत लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची टेस्ट) करा, ट्रायग्लिसराइड १५० च्या वर आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, कमी (बायकांचं ५० च्या खाली, पुरुषांचं ४० च्या खाली) ही याच इन्सुलिनच्या बिघाडाची खूण. बीपी बघा. मानेवर मळासारखी काळी मखमली कातडी असेल तर ती घासून जाणार नाही, तीही बऱ्याचदा त्याचीच खूण असते. आणि एक, अंगात लोह कमी असेल तर एचबीएवनसी फसवं येऊ शकतं, आपल्या बायकांनी हिमोग्लोबिन सोबतच करून घ्यावं.

आता ताट. मी भात सोडला नाही आणि तुम्हालाही सोडा म्हणणार नाही, कारण आमच्या आईचं एकच, "भात खाल्ल्याशिवाय जेवल्यासारखा वाटनाच नाय". पण मी एकदा वाटीने मोजला. दुपारी तीन वाट्या, रात्री तीन वाट्या, आणि त्यावर बांगड्याची एक तुकडी आणि भाजी चमचाभर. एका वाटी शिजलेल्या भातात ४० ग्रॅमच्या आसपास कार्ब्स असतात, म्हणजे एका जेवणात सव्वाशे ग्रॅम नुसत्या भाताचे. आपलं खाणं वाईट नाहीये हो, आपलं प्रमाण उलटं झालंय! मासा तोंडी लावायला आणि भात पोट भरायला. ते मी फिरवलं: आधी पालेभाजी नाहीतर काकडी-टोमॅटो, मग मासा किंवा उसळ पोटभर, आणि शेवटी एक वाटी भात कढीबरोबर. हा क्रम महत्त्वाचा आहे, आधी भाजी आणि प्रोटीन गेलं की त्याच भाताने साखर कमी उसळते. उकडा तांदूळ, त्यातही लाल, सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा बरा, पण बरा आहे म्हणून चार वाट्या नको.

मासा विकत घेताना पापलेट-सुरमईच पाहिजे असं काही नाही, बांगडा आणि तारली स्वस्त आणि ओमेगा-३ ने भरलेली. जून-जुलैत बंदी असते, ताजा मासा महाग होतो, तेव्हा सुकट-जवळ्यावर भर नको, बीपी असेल तर मीठ फार पडतं. त्या दिवसांत कुळीथ! आमच्याकडे कुळथाची पिठी म्हणजे गरिबाचं कालवण समजतात पण कुळथात १०० ग्रॅममागे २० ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं. पिठी पातळ करून भातावर ओतण्यापेक्षा अख्ख्या मोड आलेल्या कुळथाची उसळ खा, काळे वाटाणे, कडवे वाल, मूग हे आलटूनपालटून. टाकळा, भारंगी, शेवग्याचा पाला पावसात फुकट मिळतो तो सोडू नका.

सकाळचा चहा-बटर, चहा-खारी बंद करा, इथे मी कडक आहे. साखर आणि मैदा रिकाम्या पोटी. त्याऐवजी दोन घावणे आणि वाटीभर उसळ किंवा दोन अंडी. नाचणी चांगली पण भाकरी करून. गाळलेल्या सत्त्वाची गूळ घातलेली पेज लहान मुलांना ठीक, आपल्याला नाही, गुळानेही साखर वाढतेच. कोकम सरबतात साखर असते, सोलकढीत नसते, मग सोलकढी प्या. उपासाला साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, त्यापेक्षा शेंगदाणे, ताक आणि एखादं फळ.

आंब्याचं सगळे विचारतात. मे महिन्यात आंबा खायचा नाही असं कोकणात कोण सांगणार आणि कोण ऐकणार, मीही खाल्ला. पण एका मध्यम हापूसमध्ये वीसेक ग्रॅम साखर असते, म्हणून दिवसाला अर्धा, फार तर एक, चावून, आणि त्या जेवणात भात अर्धा. आमरस-पुरी नाही. फणसाचे गरे चार-पाच बस, कुयरीची, म्हणजे कोवळ्या कच्च्या फणसाची, भाजी मात्र हवी तितकी.

आणि चाला. खाण्याइतकंच हे महत्त्वाचं, मला तर फरक इथे जास्त दिसला. रात्री जेवून उठलं की ताबडतोब १०-१५ मिनिटं. स्नायू चालत असतात तेव्हा ते इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढतात, म्हणून जेवणानंतरचं चालणं लागू पडतं. पाऊस असेल तर पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत, आम्ही तसंच करतो. आपले आजे घाटी चढून बाजाराला जायचे, आपण दोनशे मीटरवरच्या दुकानाला स्कूटर काढतो. आठवड्यातून दोन-तीनदा मांड्यांना ताण द्या, खुर्चीवरून हात न लावता १५ वेळा उठ-बस, तीन फेऱ्या. अमेरिकेत बॉर्डरवरच्या लोकांवर मोठा प्रयोग झाला होता, निकाल २००२ मध्ये आला. आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि वजन ७ टक्के कमी करण्याचं लक्ष्य, एवढ्याने डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीने ३१ टक्क्यांनी.

जेवण रात्री आठपर्यंत उरका, मोबाइल ठेवून सात तास झोपा, कमी झोपेने इन्सुलिनचं काम दुसऱ्याच दिवशी बिघडतं. मिश्री-तंबाखू सोडा.

थांबा, एक गोष्ट वाचल्याशिवाय काही सुरू करू नका. तुम्ही किंवा घरातलं कोणी ग्लिमेपिराइडसारखी डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल तर अचानक भात कमी केल्याने शुगर धोक्याइतकी खाली जाऊ शकते, घाम, थरथर, चक्कर. आधी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवा. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन वाढवण्याआधीसुद्धा विचारा.

टेस्ट दर महिन्याला करून पैसे घालवू नका, एचबीएवनसी साधारण मागच्या तीन महिन्यांचं चित्र दाखवतं. मी तीन महिन्यांनी केली, ५.९. सहा महिन्यांनी ५.६, कंबर ८१. अजून एक सेंटीमीटर राहिलाय. आई आता स्वतःच आधी भाजी वाढून घेते, भात शेवटी, आणि जेवण झालं की चपला शोधायला लागते.