चौकटीच्या मागे गंमत कशी दडवावी

मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव रंगतो, तेव्हा सगळ्यांचे डोळे सुरमईवर असतात आणि मागे एखादं मांजर टोपलीतला बांगडा ओढत असतं. कॉमिकच्या चौकटीतली दडलेली गंमत अशीच असते. अमेरिकेत 1952 साली सुरू झालेल्या 'मॅड' या विनोदी कॉमिकमध्ये चित्रकार विल एल्डर चौकटीचा कोपरान् कोपरा अशा गमतींनी भरायचा. त्यांना तो 'कोंबडीची चरबी' म्हणायचा, सुपाला चव आणणारी. आपल्या बांगड्याच्या सारातलं तिरफळच ते.

पायरी 1: आधी मूळ गोष्ट पेन्सिलीनं पुरी करा. पात्रं, फुगे, संवाद सगळं. मागची जागा कोरी ठेवा.

पायरी 2: नजरेची वाट ओळखा. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यात आधी फुगा, मग चेहरा. ही वाट फिक्या रेघेनं आखा आणि गंमत तिच्यापासून लांब ठेवा.

पायरी 3: मागे दुसरी गोष्ट चालू द्या. खरा जीव इथेच ओता. पहिल्या चौकटीत मांजर टोपलीत डोकावतं. दुसरीत नुसतं शेपूट दिसतं. तिसरीत बांगडा तोंडात, पण वर माडावर कावळा. चौथीत बांगडा कावळ्याच्या चोचीत. पुढे भावावरून घासाघीस चालूच! भिंतीवर 'आज रात्री दशावतार' असा फलक काढा आणि शेवटच्या चौकटीत त्याच दशावतारातला काळ्या वेशातला संकासुर पिशवी घेऊन कोळंबी निवडताना दाखवा. तो इथे कसा, हे फलक वाचणाऱ्यालाच उमगेल. गर्दी काढताना गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची चित्रं समोर ठेवा. त्यांच्या गर्दीतला जो तो आपल्याच उद्योगात असतो.

एक मात्र पाळा. होडी परतली नाही, घरचे वाट बघताहेत, अशा चौकटीत मागे फक्त समुद्र असू द्या.

पायरी 4: पान शेजारच्या पोराला वाचायला द्या. संवादाआधीच ते मांजराला हसलं, तर मांजर आणखी लहान करा. दुसऱ्या वाचनाला 'अरे, संकासुर!' म्हणून त्यानं बोट ठेवलं, की शाई भरायला घ्या. पुढच्या पात्रांना 0.5 चं पेन, मागच्यांना 0.1 किंवा 0.2 चं.