लहान पोरांना झू दाखवायचंय? मग कमी दाखवा

पुण्यात कात्रजच्या झूमध्ये पोरांना घेऊन किती वेळा गेलेय ते मी मोजलेलं नाही. टोपी, पाणी वगैरे तुम्हाला कळतंच. बुधवारी बंद असतं तेवढं लक्षात ठेवा आणि गेट उघडल्या उघडल्या आत शिरा, दुपारी निम्मे प्राणी सावलीत पसरलेले असतात.

आत गेल्यावर पोरालाच तीन प्राणी निवडू द्या. तीनच.

आता खरी अवघड पायरी, ती म्हणजे थांबणं. पहिल्या वेळी मी थोरल्याला अख्खा १३० एकरांचा पार्क फिरवला, हे बघ अस्वल, चल, हा बघ गवा, चल, वर सगळ्या पाट्या वाचून दाखवल्या, आणि घरी आजीने विचारलं काय पाहिलंस रे, तर म्हणतो, "तिथला नळ गळत होता." चूक माझीच.

आता एका प्राण्यासमोर दहा मिनिटं उभी राहते आणि तोंड बंद ठेवते. पहिली तीन मिनिटं पोरं "चल ना, चल ना" करणारच, तिथेच आपण हरतो आणि पुढे निघतो. निघू नका! सर्पोद्यानात भाचीला म्हटलं, ह्या सापाशी डोळे न मिटायची पैज लाव. हरली, परत लावली, परत हरली, मग काचेजवळ नाक नेऊन म्हणाली, "मावशी, ह्याला पापण्याच नाहीयेत!" खरंच नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. हेच मी आधी सांगितलं असतं तर तिने जांभई दिली असती. जीभ सारखी का बाहेर काढतो हे पण तिनेच विचारलं, तेव्हा सांगितलं, वास घ्यायला.

मगर आ करून पडलेली दिसली तर "बघ, तुला खाणारे" हे कृपा करून बोलू नका. अंग तापलं की ती तशीच पडते. आणि काचेवर टकटक करणारे मोठेच असतात, पोरं त्यांचं बघून शिकतात.

चितळ आणि काळवीट जमल्यास एकाच दिवशी दाखवा आणि शिंगांत काय फरक आहे ते शोधायला लावा. चितळाची फाटे फुटलेली, गळून परत येणारी, काळविटाची पीळदार आणि जन्मभराची.

पाय दुखले की बॅटरीवरची गाडी आहे. तिसरा प्राणी राहिला तर राहू दे.

घरी गेल्यावर "काय शिकलीस?" हा प्रश्न नको. भाचीने त्या रात्री शेजारच्या मांजराशी पैज लावली. मांजर हरलं.