आन्ना मान्यानी बघायची तर अशी बघा

आन्ना मान्यानी ही इटालियन अभिनेत्री. तिच्या ऑस्करवाल्या सिनेमापासून सुरुवात करू नका. मी तीच चूक केली आणि ही बाई उगाच आरडाओरडा करते, असं मत करून बसले.

आधी दिग्दर्शक रोस्सेलिनीचा १९४५ चा ‘रोमा चित्ता आपेर्ता’ लावा. यात ती पीना. जर्मन सैनिक पीनाच्या होणाऱ्या नवऱ्याला ट्रकमधून नेतात, ती मागे धावते आणि गोळी लागून पडते. हा प्रसंग दोनदा बघा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. धावण्यात कुठेही ‘अभिनय’ दिसत नाही.

मग १९४८ च्या ‘लामोरे’चा पहिला भाग. मूळ फ्रेंच लेखक कोक्तोची एकांकिका. एक खोली, एक टेलिफोन, पलीकडे सोडून जाणारा प्रियकर. इथे रंगभूमीवरची बाई कळते. इटालियन विनोदी नट तोतोबरोबर रेव्ह्यूमध्ये, म्हणजे रंगमंचावरच्या करमणुकीच्या कार्यक्रमांत, गाणी-नकला करून ती घडली होती, हे डोक्यात ठेवा. सबटायटल्सकडे फार बघू नका, श्वास ऐका.

‘द रोज टॅटू’ (१९५५) आता. अमेरिकन नाटककार टेनेसी विल्यम्सने मूळ नाटकातली भूमिका तिच्यासाठीच लिहिली होती, पण इंग्रजी कच्चं म्हणून तिने ब्रॉडवेला नकार दिला. तिला ऑस्कर मिळालं ते सिनेमातल्या याच भूमिकेसाठी.

दिग्दर्शक पाझोलिनीचा ‘मम्मा रोमा’ (१९६२) मात्र रात्री, एकट्याने.