उन्हाळ्यात परड्यातल्या भाजीवर लेकराला जेवायला कसं शिकवावं

लहान मुलांनी भाजी खावी म्हणून सगळीकडे त्याच त्या युक्त्या सांगतात. मिक्सरमधून काढून पराठ्यात लपवा, वर चीज किसा, मोबाइल समोर धरून भरवा. यातलं एकही करू नका. लपवलेली भाजी पोटात जाते खरी, पण भेंडी दिसते कशी, लागते कशी, हे त्या पोराला तीन वर्षांचं झालं तरी कळत नाही. मग ताटात हिरवं दिसलं की ते तोंड फिरवतं. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात परड्यात जे येतं, ते आहे त्या रूपात, लेकराने आपल्या हाताने उचलून खाल्लं पाहिजे. आमच्या घरातली पोरं एकामागून एक अशीच जेवायला शिकली. वर्ष पूर्ण झालेल्या, नीट बसून खाणाऱ्या मुलांसाठी हे सगळं आहे. त्याहून लहान बाळांसाठी नाही.

लावायचं काय

भेंडी, गवार, चवळी, दोडका, दुधी, काकडी आणि तांदळी. फेब्रुवारीत टोकलेली भेंडी दीड-पावणेदोन महिन्यांत तोडायला येते. तांदळी तीन-चार आठवड्यांत येते, म्हणून एकदम न पेरता दर पंधरवड्याला हातभर वाफा पेरत जा. मे महिन्यात पालक-मेथीच्या नादाला लागू नका, उन्हाने लगेच फुलावर येतात. कोथिंबीर हवीच असेल तर शेवग्याच्या सावलीला.

पाणी सकाळी लवकर, आळ्यात, बुडाशी. आपली काळी जमीन उन्हाने भेगाळते आणि भेगांतून ओल उडून जाते. तिच्यावर उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा. ऊस तुटून गेला की शेतात ते पडलेलंच असतं, आणि जाळण्यापेक्षा परड्यात आलेलं बरं.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. द्राक्षबाग असलेल्या घरांत फवारणीचा पंप दारातच असतो, आणि टाकीत थोडं औषध उरलं की "भेंडीवर मावा पडलाय, मारून टाक" असं कोणीतरी म्हणतंच. मारायचं नाही. लेकरू ज्या झाडाची शेंग तोडून तिथल्या तिथे तोंडात घालतं, त्या झाडावर बागेतलं औषध कधीच जाता कामा नये. मावा असेल तर पाण्याचा जोराचा फवारा मारा. ज्या शेंड्यावर फारच असेल तो खुडून टाका.

तोडणी आणि चव

भेंडी दिवसाआड तोडा. टोक कट्‌कन मोडलं तर कोवळी. नुसतं वाकलं तर ती लेकराच्या कामाची नाही.

दुधी, दोडका आणि काकडी चिरण्याआधी प्रत्येक फळाचा एक पातळ काप स्वतः चाखून बघा. कच्चाच. पाण्याचा ताण आणि कडक ऊन यांनी या वेलांची फळं कडू होऊ शकतात. तो कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या विषारी घटकाचा असतो आणि शिजवून तो जात नाही. कडू दुधीने उलट्या-जुलाब होऊन मोठी माणसंही दवाखान्यात भरती झालेली आहेत. जीभेला जरा जरी कडू लागलं तरी अख्खं फळ टाकून द्या. मीठ चोळून किंवा गूळ घालून ते वाचवायला जाऊ नका.

संध्याकाळी सहाची भूक

बाकी सगळं कोणालाही जमतं. अडतं ते इथे, आणि मीही वर्षानुवर्षं इथेच अडले.

उन्हाच्या काहिलीत दुपारी लेकरू धड जेवत नाही. चार घास खाऊन लोळतं. ऊन उतरलं की सहाच्या सुमाराला त्याला अशी भूक लागते की ते घर डोक्यावर घेतं. तेव्हा भाकरीचं पीठसुद्धा मळलेलं नसतं. मग घरातलं कोणीतरी मायेने म्हणतं, "अगं, लेकरू रडतंय, दे की एखादं बिस्किट." बिस्किट गेलं, वर वाटीभर दूध गेलं, की रात्रीचं जेवण संपलंच म्हणायचं. आठ वाजता तुम्ही वाटी घेऊन मागे फिरता आणि सगळ्यांना सांगता की पोरगं भाजी खात नाही. भाजी खाण्यासारखी भूक त्याला सहा वाजता होती.

म्हणून भाजी सहा वाजता तयार पाहिजे, आणि त्या भुकेला पहिली तीच मिळाली पाहिजे. साडेपाचला लेकराला घेऊन परड्यात जा. त्याच्या हातात छोटी परडी द्या, दोन भेंड्या त्याला तोडू द्या. भेंडीच्या लवेने खाज सुटते, तेव्हा घरात आल्यावर हात धुवा. लगेच भाजी तव्यावर टाका. दहा मिनिटांचं काम आहे.

चारनंतर दूध बंद. वर्ष-दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात अर्ध्या लिटरच्या वर दूध नकोच. त्याने पोट भरलेलं राहतं आणि अंगात लोह कमी पडतं.

वाटीत चार-पाच तुकडे, बस. भाकरी, भात, दही यातलं काही नजरेसमोर नको. तुम्हीही शेजारी बसा आणि तीच भाजी खा. आणि गप्प राहा. "खा ना बाळा", "एक घास चिऊचा" असलं काही नको. लेकरू भेंडी उभी फाडेल, आतले बी एकेक करून काढेल, चिकट बोटं गालाला पुसेल, एक बी हनुवटीला चिकटून राहील. करू द्या. त्याचं ते बघणंच चाललेलं असतं. खाली फेकलं तर न बोलता उचला.

दहा मिनिटांनी भाकरी कुस्करून आमटीत किंवा दहीभात आणा. भाजी खाल्ली असो वा नसो, आणायचाच. "भेंडी संपव, मग भात" हे वाक्य या घरात कोणी उच्चारायचं नाही, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. ते ऐकलं की पोराला कळतं, भेंडी ही शिक्षा आणि भात हे बक्षीस.

एकच भाजी आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते, मग कुठे ती आपली वाटते. तिसऱ्या दिवशी "याला गवार आवडत नाही" असं जाहीर करून मोकळी होणारी माणसं मला बघवत नाहीत. गवार दोन-तीन दिवस बाजूला ठेवा आणि पुन्हा आणा, चेहऱ्यावर काही न दाखवता.

आता बिस्किटवाल्या आजीचं. तिच्याशी वाद घालून काही होत नाही, आणि घालूही नये. नातवंड उपाशी आहे हे तिला बघवत नाही, एवढंच. भाजीची वाटी तिच्याच हातात द्या. "आई, तुम्हीच द्या, तुमच्या हातून खातंय," म्हणा. तिलाही काहीतरी दिल्याचं समाधान मिळतं आणि पुड्याकडे हात जात नाही. आमच्याकडे त्या दिवसापासून सासूबाईच साडेपाचला परडी शोधायला लागल्या.

शिजवणं

भेंडी धुऊन, पुसून, कोरडी करूनच उभी चिरा. तेल, जिरं, हळद, किंचित मीठ, वर झाकण नाही. गवारीच्या शिरा काढून बोटाने दाबली की चेपेल इतकी मऊ शिजवा आणि शेंगदाण्याचं बारीक कूट घाला. तांदळी बारीक चिरून लसणावर परता आणि उतरवल्यावर लिंबू पिळा, त्याने पानातलं लोह अंगाला चांगलं लागतं. दुधी, दोडका मुगाच्या डाळीत. लेकराचा वाटा आधी काढून ठेवा, कांदा-लसूण चटणी नंतर पडू द्या. मऊ करायचंच असेल तर ताटातच बोटांनी कुस्करा, मिक्सर लावू नका. लगदा गिळून ते चावायला शिकत नाही.

गळ्यात अडकणाऱ्या गोष्टी

तासगावची द्राक्षं एप्रिलपर्यंत घराघरांत असतात, आणि अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनळीत नेमकं बसतं. स्वच्छ धुऊन उभे चार काप करा. आडवे नाही, उभे. पाच वर्षांचं होईपर्यंत हेच. बेदाणे भिजवून, चिरून. अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि कच्च्या गाजराचे तुकडे बंद, गाजर किसून द्या. काकडीची साल काढा आणि जाड चकत्या देऊ नका. खाताना लेकरू बसलेलंच पाहिजे. झोक्यावर, कडेवर, पळता पळता, रडताना घास द्यायचा नाही.

दोन वर्षांपर्यंत वरून साखर नाही, गूळ आणि काकवीही नाही. आमरस नुसता आंब्याचा. चहाचा घोटसुद्धा नाही, जेवणातलं लोह तो लागू देत नाही.

वाटीत उरलेली भाजी रात्रीसाठी झाकून ठेवू नका. या उकाड्यात तासाभरात मोठ्या माणसाने खाऊन टाकावी, नाहीतर गाईपुढे. वळीव पडून गेल्यावर तांदळीच्या पानांमागे चिखल उडालेला असतो, तेव्हा ती तीन पाण्यांतून काढा, आणि शेवटच्या पाण्याच्या तळाला माती दिसली तर चौथ्यातूनही.