चेनच्या बाजूने ऑइल गळत असेल तर : माझा अनुभव

गाडी १०० सीसीची, जुनी, दारव्ह्याकडच्या काळ्या मातीत रोज वावरात जाणारी. उभी केली की डाव्या बाजूला ऑइलचा डाग, चेन कायम ओली. ड्रेन बोल्टचा (ऑइल काढायचा खालचा बोल्ट) वॉशर बदलला, गिअर लिव्हरच्या शाफ्टचं सील (ऑइल अडवणारी रबरी रिंग) बदललं, गळती तशीच. नुसता वैताग आला होता.

झिजलं होतं पुढच्या स्प्रॉकेटमागचं, म्हणजे चेन फिरवणाऱ्या इंजिनाकडच्या दातेरी चाकामागचं ऑइल सील. कव्हरखाली चिखल साचतो आणि रबराची कड खातो.

आधी ऑइल काढलं. गिअर लिव्हर आणि डावं कव्हर उतरवून सगळी माती ब्रशने, डिझेलने धुतली; हे टाळू नका, कण आत गेला तर बेरिंगवर येतं. मागचा ब्रेक दाबून स्प्रॉकेट धरून ठेवणाऱ्या पट्टीचे दोन्ही बोल्ट १० नंबर पान्याने काढले, पट्टी जराशी फिरवली की खाचांतून सुटते. मग चेनलॉक (चेनची टोकं जोडणारी क्लिपवाली कडी), चेन, स्प्रॉकेट काढलं. सील कडेने उचकटलं, शाफ्टला ओरखडा न पाडता. सीलवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. तेच आकडे पाहून नवं घ्या.

शाफ्टच्या खाचांवर पातळ प्लास्टिक गुंडाळलं, नाहीतर नवी कड तिथेच फाटते. कडेला ऑइल लावून, स्प्रिंगची बाजू आत ठेवून, सीलच्या मापाच्या पाइपच्या तुकड्याने सरळ, हळूहळू ठोकलं. जुनं होतं तेवढंच आत.

जोडताना चेनलॉकच्या क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं. ऑइल भरून फेरी मारली, रात्रभर खाली पुठ्ठा ठेवला. सकाळी तो कोरडा होता.